चाळीस मीटरच्या घरगुती रिसीव्हरसाठी फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर

घरी रिसीव्हर बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी कॉइल आणि गँग कंडेन्सरचा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) बनवलेला असतो, आणि प्रत्येकाने त्याला शिव्याही घातलेल्या असतात. सकाळी गाठलेलं स्टेशन चहा होईपर्यंत सरकलेलं असतं. पंखा लावला की सरकतं, डब्याचं झाकण बसवलं की सरकतं. माझा शेवटचा एलसी व्हीएफओ मी कॉइलवर मेण ओतून, थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून जगवला होता. आता ते कष्ट करायची गरज नाही. एसआय ५३५१ए ही दहा पायांची चिप, एक अरडुइनो नॅनो आणि एक रोटरी एन्कोडर एवढ्यावर क्रिस्टलच्या स्थिरतेचा सिंथेसायझर होतो.

पण चिप जोडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तयार लायब्ररी टाकली की पाच मिनिटांत आकडे दिसतात. मग रिसीव्हर लावला की बँडभर शिट्ट्या ऐकू येतात, आणि माणूस चिपला नावं ठेवतो. चूक बहुतेक वेळा कागदावर झालेली असते, किंवा कागद घेतलेलाच नसतो. म्हणून आधी वही-पेन, सोल्डरिंगची इस्त्री नंतर.

कोणत्या फ्रिक्वेन्सी हव्यात ते ठरवणं

उदाहरण म्हणून ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, म्हणजे भारतात हौशी रेडिओला मिळालेला चाळीस मीटरचा बँड घेऊ. रिसीव्हर सिंगल कन्व्हर्जन सुपरहेट, म्हणजे आलेला सिग्नल मिक्सरमध्ये लोकल ऑसिलेटरशी मिसळून एकदाच एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर (आयएफ) आणणारा. आयएफ १२ मेगाहर्ट्झ. बाराच का? कारण १२ मेगाहर्ट्झची क्रिस्टल्स कुठेही स्वस्तात मिळतात. दहा-पंधरा आणून त्यातून जवळजवळ सारख्या फ्रिक्वेन्सीची चार निवडली की लॅडर फिल्टर होतो, म्हणजे एकच अरुंद पट्टा आत सोडणारी क्रिस्टल्सची शिडी. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स ४० या चाळीस मीटरच्या ट्रान्सीव्हरमध्येही आयएफ १२ चाच होता, आणि त्या रचनेने भारतात कितीतरी जणांना हातात इस्त्री धरायला लावली.

आता लोकल ऑसिलेटर कुठे ठेवायचा? दोन वाटा आहेत. ७ मध्ये ५ मिळवून १२ करा, किंवा १९ मधून ७ वजा करून १२ करा. बिटएक्स ४० ने पहिली वाट घेतली. एलसी व्हीएफओच्या काळापासून ती रुळलेली आहे, कारण ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ १९ पेक्षा पुष्कळ स्थिर असायचा. सिंथेसायझरला ते कारण लागू नाही. म्हणून दोन्ही वाटा नव्याने तपासायच्या.

पाचच्या वाटेवर इमेज (तोच आयएफ देणारी, नको असलेली दुसरी फ्रिक्वेन्सी) १७ मेगाहर्ट्झवर पडते, कारण १७ वजा ५ सुद्धा १२ च. एकोणीसच्या वाटेवर इमेज ३१ वर पडते. सातच्या बँडपास फिल्टरला ३१ अडवणं १७ पेक्षा सोपं जातं. दुसरी गोष्ट शिट्ट्यांची. डायल ७.२ वर असताना पाचच्या वाटेवर ऑसिलेटर ४.८ वर असतो. त्याची पाचवी हार्मोनिक (पाच पट फ्रिक्वेन्सी) २४, म्हणजे बीएफओच्या, आयएफमधून आवाज परत काढणाऱ्या १२ मेगाहर्ट्झजवळच्या ऑसिलेटरच्या, बरोबर दुप्पट. त्या २४ मधून बीएफओचे १२ गेले की उरतात १२, आणि ते थेट आयएफमध्ये. चिपचं आउटपुट चौकोनी लहर आहे, तिच्यात विषम हार्मोनिक भरपूर असतात, त्यामुळे बँडच्या वरच्या टोकाला शिट्टी बसणारच. एकोणीसच्या वाटेवरही ७.२ ला तसाच योग आहे (१९.२ गुणिले ५ म्हणजे ९६, बाराच्या आठ पट), पण तिथे बीएफओची सातवी किंवा नववी हार्मोनिक लागते. ती इतकी दुबळी असते की नीट आडोसा केला तर ऐकू येत नाही.

एकोणीसची किंमतही आहे. चिपमधल्या मूळ वेगवान ऑसिलेटरला (व्हीसीओला) जितक्या मोठ्या आकड्याने भागावं तितका फेज नॉइज, म्हणजे आउटपुटची बारीक थरथर, खाली जातो; १९ आणि ५ च्या गुणोत्तरावरून हा फरक ११-१२ डीबीचा निघतो. शेजारी अर्धा किलोवॉटचं स्टेशन असेल तर तो जाणवेल. माझ्याकडे तसं कोणी नाही. दुसरं म्हणजे वजाबाकीत साइडबँड (कॅरियरच्या खालचा किंवा वरचा आवाजाचा पट्टा) उलटतो. चाळीस मीटरवर एलएसबी (खालचा साइडबँड) चालतो, तो आयएफमध्ये यूएसबी (वरचा साइडबँड) होऊन येतो, म्हणून बीएफओ फिल्टरच्या खालच्या कडेला बसवावा लागतो. क्रिस्टल लॅडरची खालची कड वरच्यापेक्षा जरा पसरट असते, त्यामुळे विरुद्ध साइडबँड थोडा जास्त झिरपतो. तरीही मी १९ च घेतो. झिरपणारा साइडबँड कधीतरी त्रास देतो, शिट्टी रोज देते.

तर आराखडा असा: बीएफओ ११.९९८५ मेगाहर्ट्झ, लोकल ऑसिलेटर म्हणजे डायल अधिक बीएफओ. डायल ७.१०० असेल तर ऑसिलेटर १९.०९८५. बीएफओचा नेमका आकडा तुमच्या फिल्टरवर ठरेल. तो शेवटी कानाने जुळवायचा आहे, म्हणून प्रोग्राममध्ये वेगळा ठेवा.

चिपच्या आत काय चालतं

चिपला बाहेरून २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल जोडलेलं असतं, आणि आत ए व बी असे दोन पीएलएल आहेत. प्रत्येक पीएलएल क्रिस्टलला गुणून व्हीसीओ ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान नेतो. मग मल्टिसिंथ नावाचा भागाकार करणारा भाग त्याला भागून आउटपुट देतो. गुणायचा आणि भागायचा आकडा, दोन्ही 'अ अधिक ब भागिले क' अशा अपूर्णांकात देता येतात. क वीस बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त १०,४८,५७५.

इथे पहिला नियम: अपूर्णांक गुणाकारात ठेवा, भागाकार नेहमी सम पूर्णांकाने करा. अपूर्णांकाने भागलं की चौकोनी लहरीच्या कडा पुढेमागे होतात आणि आउटपुटमध्ये नको ते टोक उगवतात. बऱ्याच तयार प्रोग्राममध्ये पीएलएल एका जागी ठेवून फक्त भागाकार बदलतात. सोपं पडतं, पण रिसीव्हरसाठी मी ते वापरत नाही.

दुसरा नियम: पूर्ण बँडभर भागाकाराचा आकडा एकच राहील असा निवडा. ९०० ला १९.२ ने भागलं तर ४६.८ येतात, त्याखालचा सम आकडा ४६. ऑसिलेटर १८.९९८५ ते १९.१९८५ फिरला तर व्हीसीओ ८७३.९ ते ८८३.१ फिरतो. मर्यादेच्या आत, भागाकार कायम ४६. बीएफओसाठी पीएलएल बी आणि भागाकार ७४, व्हीसीओ ८८७.८८९.

एक आकडा शेवटपर्यंत

डायल ७.१००, ऑसिलेटर १९.०९८५. ४६ ने गुणा: व्हीसीओ ८७८.५३१ मेगाहर्ट्झ. २५ ने भागा: ३५.१४१२४. म्हणजे अ ३५. क साठी मी सरळ १०,००,००० घेतो, म्हणून ब १,४१,२४०. क दहा लाख घेतल्यावर व्हीसीओची पायरी २५ हर्ट्झ होते, आणि ४६ ने भागल्यावर आउटपुटची पायरी अर्ध्या हर्ट्झच्या आसपास. एसएसबी (एकाच साइडबँडवरचं बोलणं) ऐकायला दहा हर्ट्झची पायरीसुद्धा पुरते.

चिपला अ, ब, क थेट देता येत नाहीत. त्यांचे तीन आकडे करावे लागतात. ब ला १२८ ने गुणून क ने भागा आणि पूर्णांक ठेवा: १८.०७ चे १८. पहिला आकडा: १२८ गुणिले ३५, अधिक १८, वजा ५१२, म्हणजे ३९८६. दुसरा: १२८ गुणिले ब, वजा १८ गुणिले क, म्हणजे ७८,७२०. तिसरा म्हणजे क, दहा लाख. हे तिन्ही आठ बाइट्समध्ये वाटून पीएलएल ए साठी रजिस्टर (चिपच्या आतले क्रमांक दिलेले कप्पे) २६ ते ३३ मध्ये जातात. या उदाहरणात ते दशमानात असे: ६६, ६४, ०, १५, १४६, २४१, ५१, १२८. आधी तिसऱ्या आकड्याचे खालचे दोन बाइट, मग पहिल्याचे तीन, मग एका बाइटमध्ये तिसऱ्याचे आणि दुसऱ्याचे वरचे चार-चार बिट, शेवटी दुसऱ्याचे उरलेले दोन. तुमच्या प्रोग्राममधून हेच आठ बाइट छापून बघा. जुळले तर अर्धी लढाई जिंकली.

मल्टिसिंथचं गणितही असंच, पण ४६ पूर्णांक असल्याने सोपं: पहिला आकडा ५३७६, दुसरा शून्य, तिसरा १. हे रजिस्टर ४२ पासून. तिसऱ्या आउटपुटचा मल्टिसिंथ ५८ पासून, पीएलएल बी ३४ पासून.

प्रोग्राम लिहिताना एक फसगत होते. नॅनोवर 'डबल' लिहिलं तरी तो ३२ बिटांचा फ्लोटच असतो, सात आकड्यांपलीकडे त्याची नजर जात नाही. फ्लोटने भागाकार केला तर ट्युनिंग दोन-दोन हर्ट्झच्या उड्या मारतं आणि चुका साचतात. पूर्णांकात करा: व्हीसीओला क्रिस्टलने भागून बाकी काढा (इथे ३५,३१,०००), ती ६४ बिटांच्या चलात घेऊन दहा लाखाने गुणा, मग क्रिस्टलने भागा. १,४१,२४० बिनचूक येतात.

जोडणी

सुटी चिप घरी सोल्डर करणं जिवावर येतं, म्हणून तयार मॉड्यूल घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, नाहीतर ऑनलाइन. मॉड्यूलवर बहुधा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आणि ५ व्होल्टच्या नॅनोशी जुळवून घेणारे दोन मॉसफेट असतात. नसतील तर आयटूसीचे (नॅनो आणि चिपमधल्या डेटा-क्लॉकच्या दोन तारांचे) पुलअप रेझिस्टर ३.३ व्होल्टलाच जोडा. नॅनोचा ए४ डेटाला, ए५ क्लॉकला. एन्कोडर २ आणि ३ नंबरच्या पायांना, कारण इंटरप्ट तिथेच आहेत. दोन्ही पायांवर ग्राउंडला १० नॅनोफॅरड. एन्कोडरच्या एका फेऱ्यात साधारण २० टकटक असतात. दहा हर्ट्झच्या पायरीने २०० किलोहर्ट्झ ओलांडायला हजार फेरे होतात, म्हणून एन्कोडरचं बटण दाबून पायरी १०, १००, १००० अशी बदलता आलीच पाहिजे.

ऑसिलेटर पहिल्या आउटपुटवर आणि बीएफओ तिसऱ्यावर घ्या, मधलं बंद ठेवा. शेजारची आउटपुट एकमेकांत जास्त मिसळतात.

वीज यूएसबी चार्जरची नको. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायवरून ७८०५ लावा, आणि मॉड्यूलला जाणाऱ्या वाटेवर १० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड घाला. ७८०५ कोमट होतो. तो मॉड्यूलपासून दूर बसवा, नाहीतर तुमचं २५ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल त्याच्या उबेत बसेल आणि पहिल्या दहा मिनिटांत फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकेल.

डिस्प्ले म्हणून १६ बाय २ चा साधा एलसीडी घ्या. छोटे ओएलईडी दिसतात सुरेख, पण त्यांच्यातल्या व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचा खरखराट रिसीव्हरमध्ये शिरतो. डिस्प्ले आणि चिप, दोघांनाही फक्त आकडा बदलला तरच लिहा. लूपच्या प्रत्येक फेरीत लिहिणारा प्रोग्राम म्हणजे कानाजवळ सतत टकटक करणारा सुतारपक्षी.

सगळं एका पत्र्याच्या डब्यात. मी बिस्किटाचा डबा वापरतो, त्याला सोल्डर छान धरतं. बाहेर येणारे दोन्ही सिग्नल पातळ कोॲक्स केबलमधून, आणि केबलचं ग्राउंड दोन्ही टोकांना.

मिक्सरला किती द्यायचं

इथे बरेच जण घाई करतात. चिपचं आउटपुट भाराविना ३.३ व्होल्ट पीक टू पीक असतं. मिक्सर एनई ६०२ किंवा एसए ६१२ असेल तर त्याच्या सहाव्या पायाला २००-३०० मिलिव्होल्टच हवेत. १ किलोओहम मालिकेत, १०० ओहम ग्राउंडला, आणि मधल्या जोडावरून १० नॅनोफॅरडमधून पायाला: ०.३ व्होल्ट मिळतात. अशा वेळी चिपचा करंट २ मिलिअँपिअरवर ठेवा, मिसळणंही कमी होतं.

डायोड रिंग मिक्सर असेल तर उलट, त्याला ७ डीबीएम (सुमारे ५ मिलिवॉट) लागतात. तेव्हा करंट ८ मिलिअँपिअर ठेवा आणि मध्ये ३ डीबीचा पॅड: दोन बाजूंना ३०० ओहम, मध्ये १८ ओहम. पॅड केवळ पातळी कमी करायला नाही. मिक्सरला सगळ्या फ्रिक्वेन्सींवर ५० ओहमच्या जवळचं काहीतरी दिसत राहतं, म्हणून तो शहाण्यासारखा वागतो. डायोड मिक्सरला चौकोनी लहर आवडते, तिला साइन करायच्या फंदात पडू नका.

चालू करण्याचा क्रम

चिपचा आयटूसी पत्ता दशमानात ९६. आधी रजिस्टर ३ मध्ये २५५ लिहून सगळी आउटपुट बंद करा, १६ ते २३ मध्ये १२८ लिहून क्लॉक झोपवा. रजिस्टर १८३ मध्ये क्रिस्टलचा लोड: १० पिकोफॅरडसाठी २१०. मग दोन्ही पीएलएलचे आणि दोन्ही मल्टिसिंथचे आठ-आठ बाइट. मग रजिस्टर १६ मध्ये ७९: पीएलएल ए, पूर्णांक पद्धत, ८ मिलिअँपिअर (२ मिलिअँपिअर हवे तर ७६). रजिस्टर १८ मध्ये १११: तेच, पण पीएलएल बी. रजिस्टर १७७ मध्ये १६० लिहून दोन्ही पीएलएल रिसेट. शेवटी रजिस्टर ३ मध्ये २५०, म्हणजे पहिलं आणि तिसरं आउटपुट चालू.

हा रिसेट फक्त इथे, एकदाच. माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये तो ट्युनिंगच्या फंक्शनमध्येच राहिला होता. एन्कोडर फिरवला की प्रत्येक पायरीला 'टक', आणि मी दोन संध्याकाळी एन्कोडर, त्याचे कंडेन्सर, ऑडिओ ॲम्प्लिफायर सगळं बदलून पाहिलं. एक ओळ काढली आणि ट्युनिंग लोण्यासारखं झालं. भागाकार कायम ठेवल्याचा फायदा हाच: फक्त पीएलएलचे आठ बाइट एका दमात लिहायचे, रिसेट लागत नाही. ४०० किलोहर्ट्झच्या आयटूसीवर ते पाव मिलिसेकंदात होतं.

मोजणं आणि जुळवणं

पहिली चाचणी १० मेगाहर्ट्झवर करा: गुणाकार ३२, भागाकार ८०, अपूर्णांक कुठेच नाही. फ्रिक्वेन्सी काउंटर १०.८ दाखवत असेल तर घाबरू नका. मॉड्यूलवर २५ ऐवजी २७ चं क्रिस्टल आहे, तेही या चिपला चालतं. मला एकदा असं मॉड्यूल मिळालं होतं. क्रिस्टलवरचा आकडा भिंगातून वाचायचा राहिला होता. प्रोग्राममध्ये २७ घाला आणि पुढचं सगळं गणित त्यावर करा.

काउंटर नसेल पण आरटीएल-एसडीआर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर) असेल तरी काम होतं. बहुतेक डाँगल २४ मेगाहर्ट्झच्या खाली ऐकत नाहीत, पण चौकोनी लहरीची तिसरी हार्मोनिक जोरकस असते: १९.०९८५ ची तिसरी ५७.२९५५ वर सापडेल. डाँगलचं स्वतःचं क्रिस्टलही चुकीचं असू शकतं, हे ध्यानात ठेवा.

खरी दुरुस्ती अशी. समजा १० मेगाहर्ट्झ मागितले आणि विश्वासू काउंटरने १,००,००,४२० हर्ट्झ दाखवले. म्हणजे क्रिस्टल दहा लाखांत ४२ ने जास्त आहे. तेव्हा प्रोग्राममध्ये क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी २,५०,००,००० ऐवजी २,५०,०१,०५० लिहा. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मापन मॉड्यूल डब्यात बसवून, अर्धा तास चालवून मगच घ्या.

आता अँटेना काढून, आवाज पूर्ण वाढवून ७.००० पासून ७.२०० पर्यंत सावकाश फिरा. ज्या शिट्ट्या अँटेनाविना ऐकू येतात त्या तुमच्या घरच्या आहेत. वहीत जागा लिहून ठेवा. मग एकेक संशयित: डिस्प्लेची वायर काढा, बीएफओची केबल हलवा, डब्याचं झाकण दाबून धरा. झाकण दाबल्यावर शिट्टी कमी झाली तर झाकणाचे स्क्रू वाढवा. बीएफओची केबल आयएफ ॲम्प्लिफायरच्या जवळून नेली असेल तर एक जड, सतत घुमणारा आवाज येतो आणि एजीसी (आवाजाची पातळी आपोआप आवरणारी सोय) असेल तर रिसीव्हर उगाच दबून बसतो. ती केबल दुसऱ्या बाजूने न्या.

शेवटी बीएफओ. एखादा एसएसबी आवाज गाठा. दिवसा काहीशे किलोमीटरवरची देशातली स्टेशनं चाळीस मीटरवर चांगली येतात. बीएफओ ५०-५० हर्ट्झने वरखाली करा. डायल अधिक बीएफओ असं सूत्र ठेवल्यामुळे स्टेशन हलत नाही, फक्त आवाजाचा पोत बदलतो. एकीकडे तो पिंपातून आल्यासारखा जड होतो, दुसरीकडे टेलिफोनसारखा पातळ. मधली जागा कानाला कळते. माझ्या फिल्टरला ती ११.९९८३ वर सापडली, तुमच्याला वेगळीकडे सापडेल. आकडा नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा.

मग वीस मीटरचा बँडपास फिल्टर हाताशी असेल तर दुसऱ्या बँडला आकडे बदलण्यापलीकडे काही लागत नाही: तिथे यूएसबी चालतो, म्हणून बीएफओ वरच्या कडेला १२.००१५ च्या आसपास, आणि १४.००० ते १४.३५० साठी ऑसिलेटर २६.००१५ ते २६.३५१५. भागाकार ३४ घेतला तर व्हीसीओ ८८४ ते ८९६ मध्ये राहतो. बँड बदलताना मात्र भागाकार बदलतो, तेव्हा तो रिसेट एकदा द्यायचा.